लेखक : गुलाब, तपासणी टेबल

ऑफिसातले आमचे जुने प्रोग्रॅमर, ते केळी द्यायचे, पण ती कोणाची आहेत हे सांगितल्याशिवाय हातात पडायची नाहीत. माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर एक फणी ठेवली आणि म्हणाले, "माझी नाहीत हां. वाडी मोठ्या भावाची, पाणी वहिनीने घातलं. मी नुसती स्कूटरवरून आणली."

मी म्हटलं, "थँक्यू."

ते हलेनात. "कोणाला?"

"तुम्हाला."

"मला कशाला गो? मी स्कूटर चालवली."

शेवटी मी त्यांच्या न पाहिलेल्या भावाला आणि वहिनीला थँक्यू म्हटलं, तेव्हा कुठे ते आपल्या जागेवर जाऊन बसले.

आमची कंपनी लहान होती. वसईच्या एव्हरशाईन सिटीत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, खाली औषधांचं दुकान आणि पडदे शिवणारा. वालीवच्या कारखान्यांना लागणारे प्रोग्रॅम आम्ही लिहायचो : किती माल निघाला, किती बाद झाला, कोणतं मशीन कधी थांबलं. ते पन्नाशी ओलांडलेले, वसईच्या पश्चिमेकडच्या ख्रिस्ती गावातले. मी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान आणि हुद्द्याने वरची. ते मला 'बाय' म्हणायचे आणि अगंतुगं करायचे. मी त्यांना अहोजाहो करायचे. या व्यवस्थेबद्दल दोघांचीही तक्रार नव्हती.

कशाचंही श्रेय स्वतःकडे ठेवायचं नाही, हे त्यांचं वेड होतं. नम्रता म्हणवत नाही, कारण नम्र माणूस समोरच्याला थकवत नाही. विनोद सांगितला तर हसू संपायच्या आत म्हणायचे, "हा आमच्या फादरांचा." शर्ट छान आहे म्हटलं तर, "बायकोची निवड. कापड सासऱ्यांनी दिलं." एकदा शिंकले, मी विचारलं, "सर्दी झाली का?" तर म्हणाले, "पुतण्याची आहे." त्यांच्या चर्चला पन्नास वर्षं झाली तेव्हा स्मरणिकेचं संपादन त्यांच्याकडे आलं. स्मरणिका जाड निघाली, पण तिच्यातली निम्म्याहून जास्त पानं नुसत्या नावांची. मांडव घालणारे, खुर्च्या उचलणारे, त्या दिवशी विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बायका. संपादकाच्या नावाची जागा मात्र कोरी होती. लोकांना वाटलं, छापखान्याची चूक.

कोणी काहीही माहिती दिली की त्यांचा प्रश्न ठरलेला : "सांगणारा कोण?" मालकांनी मीटिंगमध्ये म्हटलं की मार्केट सध्या मंद आहे, तरी हे विचारणार, "सांगणारा कोण?" मालक चिडायचे. आम्ही खाली बघून हसायचो.

हे वेड त्यांनी कामातही आणलं होतं, आणि माझी गोष्ट तिथून सुरू होते.

प्रोग्रॅम लिहिताना ओळींच्या मधे टिपा लिहायच्या असतात. त्या कंप्युटर वाचत नाही, माणसांसाठी असतात : हा भाग कशासाठी, असं का केलं. टिपा ठराविक पद्धतीने लिहिल्या तर एक वेगळा प्रोग्रॅम त्या सगळ्या गोळा करतो आणि त्यांचं पुस्तक करून देतो. अनुक्रमणिका, प्रकरणं, सगळं तयार. म्हणजे प्रोग्रॅमबरोबर द्यायचं माहितीपुस्तक कोणाला वेगळं बसून लिहावं लागत नाही. प्रत्येक टिपेच्या शेवटी एक ओळ असते, 'लेखक'. तिथे तो भाग लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरचं नाव घालतात. सगळीकडे तीच रीत.

यांनी तिथे स्वतःचं नाव कधीच घातलं नाही. नियम ज्याने सांगितला त्याचं नाव घालायचे.

माझ्या टिपा त्यांना आवडायच्या नाहीत. मी लिहायचे, 'येथे बाद मालाची बेरीज केली आहे.' ते स्क्रीनवर बोट ठेवून म्हणायचे, "ते दिसतंय की. का केली? कोणी सांगितली करायला?" स्वतः ते त्यासाठी कारखान्यात जायचे. घडीचं स्टूल घेऊन जायचे, कारण खुर्ची मागितली की लोक साहेब समजतात आणि खोटं बोलतात, असं त्यांचं म्हणणं. मशीनपाशी स्टूल टाकून दोन दोन दिवस बसायचे. मग ऑफिसात येऊन टीप लिहायची, कागदावर उतरवायची, परत कारखान्यात जाऊन ज्याने सांगितलं त्याला वाचून दाखवायची. त्याने मान डोलावली की मगच ती पक्की. एका टिपेला कधी आठवडा लागायचा. मी वेळापत्रक दाखवून बोलायचे. ते ऐकून घ्यायचे आणि स्टूल उचलायचे.

रबरी सील बनवणारा एक कारखाना आमचा सगळ्यात मोठा ग्राहक होता. तिथे तपासणीच्या टेबलावर गुलाबबाई होत्या. चांदीपहून यायच्या, ठेकेदाराकडून लागलेल्या, कितीतरी वर्षं त्याच टेबलावर. वालीवला शुक्रवारी कारखाने बंद असतात. शनिवारी सकाळी साचे तापवतात, तापमानाचा काटा बरोबर आकडा दाखवतो, पण साचा आतून पुरता तापलेला नसतो. पहिला माल कच्चा निघतो, आणि ते कच्चेपण डोळ्यांना दिसत नाही. दोन महिन्यांनी सील गळायला लागलं की कळतं. गुलाबबाईंना लगेच कळायचं. त्या सीलवर अंगठ्याचं नख दाबायच्या आणि पाच आकडे मोजायच्या. खूण बुजली तर माल पक्का. राहिली तर बाजूला.

त्यावर यांनी प्रोग्रॅममध्ये नियम घातला : शनिवारी साच्यातून निघालेल्या सीलच्या पहिल्या चार ताटल्या आपोआप अडकवून ठेवायच्या. टीप अशी होती :

'शनिवारी काट्यावर विश्वास ठेवू नये. खरी परीक्षा नखाची, पण यंत्राला नख नाही म्हणून चार ताटल्या धरल्या आहेत. हा नियम बदलण्याआधी तिला विचारा. लेखक : गुलाब, तपासणी टेबल.'

ही टीप वाचून दाखवायला ते गेले तेव्हा मीही बरोबर होते. गुलाबबाईंनी हात पुसून कागद घेतला, उलटा-सुलटा बघितला.

"हे माजं नाव कं?"

"तुमचंच. पुस्तकात छापून येणार."

"आनि लिवलं तुमी."

"मी नुसतं टाईप केलं हो."

टेबलावरच्या बाकीच्या बाया खिदळायला लागल्या. एक म्हणाली, "गुलाबे, आता तू पुस्तकवाली झाली. आमच्याशी बोलशील ना?" गुलाबबाई म्हणाल्या, "आदी नख दाखवा, मग बोलेन." पण कागद त्यांनी परत दिला नाही. घडी घालून पदराला बांधला.

पुढच्या वर्षी तो कारखाना विकला गेला. नव्या मालकांची मोठी कंपनी. त्यांनी आमच्याकडे सगळ्या प्रोग्रॅमचं माहितीपुस्तक मागितलं, कारण पुढे आमचे प्रोग्रॅम ठेवायचे की नाही हे त्यावर ठरणार होतं. मी पुस्तक काढलं. चांगलं निघालं होतं. शेवटी लेखकांची यादी आपोआप आली होती : साचा खोलणारा अमुक, टेम्पोवाला तमुक, कॅन्टीनच्या मावशी, गुलाब. तेवीस नावं. त्या कारखान्याचे प्रोग्रॅम यांनी एकट्यानेच लिहिलेले, त्यामुळे त्यांत प्रोग्रॅमर एक नाही.

आमच्या मालकांनी यादी बघितली आणि विचारलं, "हा काय हजेरीपट आहे? आज दुपारपर्यंत व्यवस्थित करा."

ज्यांच्या त्या टिपा, ते त्या दिवशी कोणाच्या तरी मर्तिकाला गेले होते. मी कंप्युटरला ओळ बदलायचा हुकूम दिला. एका हुकमात सगळ्या टिपांमधली लेखकाची ओळ बदलते, पाच सेकंदही लागत नाहीत. त्या जागी कंपनीचं नाव घालता आलं असतं. त्यांचं घालता आलं असतं, जुन्या रीतीप्रमाणे तेच बरोबर ठरलं असतं. मी माझं घातलं. नव्या मालकांना हे काम समजणारं एक माणूस हवं होतं, हे मला ठाऊक होतं. ते माणूस मी आहे हे पुस्तकाच्या प्रत्येक पानावर दिसावं असं मला वाटलं. मालकांनी मला हे करायला सांगितलं नव्हतं. ते मी स्वतःच केलं. मी पुस्तक पाठवलं आणि डबा खाल्ला. मर्तिकाला गेलेले ते दुसऱ्या दिवशी आल्यावर त्यांनाही काही बोलले नाही.

दोन आठवड्यांनी नव्या मालकांचा एक अधिकारी आला. तिशीचा, सभ्य, पुण्याकडचा. ठेक्यावरच्या बायकांपैकी बारा जणींना कायम करायचं होतं, बाकीच्यांना घरी पाठवायचं. ज्यांच्या हातात काही खास कसब आहे त्यांना आधी घेणार, पण त्याला काहीतरी लेखी आधार हवा, असं त्याने बायकांना सांगितलं. गुलाबबाईंनी यांना फोन केला. हे स्कूटर घेऊन निघाले.

मी तेव्हा कारखान्याच्या ऑफिसातच होते, त्या अधिकाऱ्याला पुस्तक समजावून सांगत होते. दोघं दारात आले. गुलाबबाई चप्पल बाहेर काढून आत आल्या. हे भलतेच खुशीत होते.

"साहेब, आधार पाहिजे ना? तुमच्या टेबलावरच आहे. शनिवारचा नियम काढा. खाली नाव वाचा."

अधिकाऱ्याने पान शोधलं. टीप वाचली. मग खालची ओळ वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि पुस्तक त्यांच्याकडे फिरवून म्हणाला, "काका, इथे तर मॅडमचं नाव आहे."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं. मग यादी बघितली. त्यांच्या लक्षात यायला तेवढा वेळ पुरला. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या कामात कोणताही बदल पुसला जात नाही. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंद राहते. त्यांचा लॅपटॉप त्यांच्या पिशवीत होता. तो उघडून माझं नाव आणि त्या दुपारची वेळ दाखवायला त्यांना दोन मिनिटं लागली असती. मला तर तेवढीही लागली नसती. 'हे नाव चुकून पडलंय, नियम यांचाच आहे,' एवढं म्हटलं की झालं असतं. त्यातला 'चुकून' हा शब्दही कोणी खोडून काढला नसता.

मी पुस्तकाकडे बघत राहिले.

ते म्हणाले, "माझ्याकडून राहिलं असेल."

गुलाबबाई म्हणाल्या, "राहिलं म्हंजे? सर, तुमी मला वाचून दाखवलं. चारचौघीत दाखवलं."

"हो."

"मंग ते काय व्हतं?"

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. अधिकाऱ्याने सभ्यपणे सांगितलं की ताईंचा अर्ज त्याच्याकडे आहे, विचार करू. गुलाबबाई त्यांच्याकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. माझ्यावर त्यांचा संशयच नव्हता. मॅडम शिकलेल्या, पुस्तकावर मॅडमचं नाव असणारच. खोटं बोललेला माणूस म्हणजे स्टूल घेऊन येणारा. त्या बाहेर गेल्या, चप्पल घातली, आणि त्यांच्या स्कूटरवर न बसता चालत नाक्यापर्यंत गेल्या.

बारा जणींत त्यांचं नाव आलं नाही. मला नव्या मालकांचं काम मिळालं. अजून तेच करते.

ते त्यानंतर चार महिने ऑफिसात होते. माझ्याशी कामाचं बोलायचे, 'बाय' म्हणायचे. कारखान्यात जाणं बंद केलं. टिपा लिहायचे त्या माझ्यासारख्या : 'येथे बेरीज केली आहे.' लेखक म्हणून स्वतःचं नाव. मी त्या तपासून पुढे पाठवायचे. मग त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी ते ड्रॉवर रिकामा करत होते, मी जवळ गेले आणि विचारलं, "त्या दिवशी तुम्ही नोंद का दाखवली नाही?"

ते म्हणाले, "मी थांबलो होतो, बाय. वाटलं, तू बोलशील."

"आणि नंतर?"

"नंतर ती निघून गेली. मग दाखवायची कोणाला?"

दोन वर्षं गेली. मी चांदीपला, गुलाबबाईंच्या गावी, गेले ते माफी मागायला गेले, असं इथे लिहिता आलं असतं. मी गेले ते मला एक उत्तर हवं होतं म्हणून. कारखान्यात विजेवर तापणारे नवे साचे आले होते. तिथल्या इंजिनिअरची मेल आली : शनिवारच्या चार ताटल्यांचा नियम आता काढायचा का? टिपेत लिहिलंय की बदलण्याआधी तिला विचारा. लेखिका आपण आहात, म्हणून आपल्याला विचारतोय.

मला माहीत नव्हतं. मी आयुष्यात कधी सीलवर नख दाबलं नव्हतं.

एका रविवारी रिक्षा करून गेले. घर विचारत विचारत सापडलं. गुलाबबाई ओट्यावर वाल सोलत होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं, खुर्ची आणवली, पानी घ्या म्हणाल्या. कारखाना कसा आहे, कोण कोण आहे, सगळं विचारलं. मी कामाचं विचारलं तेव्हा त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत.

"चार बिर काय नसतं, मॅडम. नख सांगंल ते खरं. नवीन साचा आला तर पयल्या शनवारी परत्येक ताटलीतलं एक उचलायचं, नख लावायचं. दोनमदी झालं तर दोन, सातमदी झालं तर सात." मग त्यांनी एक वाल उचलून त्यावर नख दाबून दाखवलं. "असं. लई जोर नाय."

मी वहीत लिहून घेतलं. निघता आलं असतं.

त्या म्हणाल्या, "तुमी तरी आलात. तो सर कदी फिरकला नाय. कुठल्या तोंडानं येईल? साऱ्या बायांपुडं माजं हसं झालं. नवीन ठिकानी आता निम्मा पगार, दोन गाड्या बदलून जाते. त्याचं नाय एवडं वाटत. पन मी त्याला भावासारका मानलेला. गनपतीला दर साली बोलवायची, पयला मोदक त्याच्या पानात. आता रस्त्यात दिसला तर मी पल्याड जाते."

मी म्हटलं, "गुलाबबाई, पुस्तकात त्यांनी तुमचंच नाव लिहिलं होतं. ते काढून माझं मी घातलं."

त्यांचे हात थांबले. "तुमी?"

"हो."

"सरांना म्हायती व्हतं?"

"त्या दिवशी तुमच्यासमोर कळलं."

"मंग ते बोलले का नाय?"

"मी बोलेन म्हणून थांबले होते."

त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. मी तयारी करून बसले होते, दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी हातातले वाल समोरच्या सुपात टाकले. मग म्हणाल्या, "दोन गनपती गेले," आणि उठून आतून मोबाईल घेऊन आल्या. नंबर अजून ठेवलेला होता. त्यांनी तो लावला, फोन कानाला धरला, आणि पलीकडे घंटी वाजत असताना मला हातानेच अंगणाबाहेर जायची खूण केली.

मी गेले. रिक्षावाला झाडाखाली थांबला होता. मागून गुलाबबाईंचा आवाज आला, "सर, मी गुलाब," आणि त्यापुढचं माझ्यासाठी नव्हतं, म्हणून मी रिक्षावाल्याला चल म्हटलं.